गोलकीपरच्या शंका : श्मायकेलची चांदणी उडी आणि पायांमधून जाणारा बॉल

प्रश्न : "मना पोऱ्या गोलकीपर शे" असं मी गावभर सांगत असतो. वय तेरा. डेन्मार्कचा गोलकीपर पीटर श्मायकेल याचे जुने व्हिडिओ बघून तो हल्ली हातपाय फाकवून समोरच्याच्या अंगावर उडी घेतो. बॉल मात्र पायांमधून निघून जातो. चुकतं कुठं?
– एक पालक, पारोळा

उत्तर : उडी बरोबर असेल, ती मारायची जागा चुकते. श्मायकेल लहानपणी हँडबॉलही खेळायचा आणि ही चांदणीसारखी उडी तिथलीच. हँडबॉलचा गोल ३ मीटर रुंद, २ मीटर उंच असतो आणि फेक सहा मीटरवरून येते. बॉल पकडायला वेळच नसतो, म्हणून कीपर अंग पसरून वाट बंद करतो.

फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद. समोरचा खेळाडू बरोबर मध्ये, ११ मीटरवर आहे असं धरा. मुलगा रेषेवर थांबला तर सगळी रुंदी त्याच्या गळ्यात. पाच मीटर पुढे आला की त्या जागी अडवायची रुंदी चार मीटरच उरते. बॉलपासून दोन मीटरवर पोचला तर फक्त १.३३ मीटर. तेरा वर्षांच्या मुलाचे पसरलेले हात साधारण दीड मीटर भरतात, म्हणजे तिथं ही उडी कामाची. चार-पाच मीटरवरून मारली तर दोन्ही बाजू मोकळ्या राहतात, शिवाय तो हवेत असतानाच बॉल खालून सरकतो. तुमच्या मुलाचं बहुधा हेच होत असावं.

तेव्हा आधी पळणं शिकवा. समोरच्यानं बॉल पायापासून लांब ढकलला की जोरात पुढे जायचं. त्याचा पाय बॉलवर परत आला की पावलं लहान करायची. मारायला पाय मागे गेला की जिथं असू तिथं थांबायचं, छाती ताठ, तळवे पुढे, हात कमरेच्या बाजूला उघडे. आपला वेग संपायच्या आत बॉल सुटला तर कीपर गेलाच. उडी शेवटी, तीही अगदी जवळ असेल तरच. मागे झुकायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत. डोळे मिटणं ही या वयातली सगळ्यात मोठी खोड. आधी टेनिसचा बॉल चार मीटरवरून अंगावर हळू फेका, आठ-आठच्या तीन फेऱ्या. भीती गेली की फुटबॉल घ्या.

पायांमधली फट बुजवायला एक गुडघा आत वळवून जमिनीजवळ न्यायचा आणि दुसरा पाय बाजूला पसरायचा, असाही एक अडसर असतो. मुलांनी तो आधी शिकावा. मात्र आपल्याकडची काळी माती मे महिन्यात दगडासारखी होते, भेगांत पाय अडकतो तो वेगळाच. सराव लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात करा, गुडघ्याला पॅड लावून.

प्रश्न : १९९२चा युरो कप डेन्मार्कला फुकटात मिळाला आणि त्यांच्यामुळेच बॅकपासचा (सहकाऱ्यानं पायानं मागे दिलेला बॉल कीपरनं हातात न घेण्याचा) नियम आला, असं मित्र म्हणतो. खरं का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : प्रवेश आयता मिळाला, कप नाही. युगोस्लाव्हियाला बाहेर काढल्यामुळे ऐनवेळी डेन्मार्कला बोलावणं आलं. उपांत्य सामन्यात नेदरलँड्सशी २-२ झाल्यावर श्मायकेलनं मार्को व्हॅन बास्टनची पेनल्टी अडवली. २६ जूनला अंतिम सामन्यात, स्वीडनमधल्या योतेबोरीत, जर्मनीला २-० हरवलं. आघाडी घेतल्यावर डेन्मार्कचे बचावपटू बॉल पुन्हापुन्हा श्मायकेलकडे ढकलायचे आणि तो उचलून घ्यायचा. बघायला कंटाळवाणं, पण तेव्हा नियमात बसणारं. नियम बदलायची मागणी मात्र १९९०च्या रटाळ वर्ल्डकपपासूनची. १९९२च्या उन्हाळ्यातच बदल लागू झाला.

आज सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला बॉल कीपरनं हातात घेतला तर समोरच्यांना अप्रत्यक्ष फ्रीकिक, म्हणजे जिच्यावर थेट गोल होत नाही अशी किक. डोकं, छाती किंवा गुडघ्यानं दिलेला चालतो. आपल्या टीमचा थ्रो-इन थेट हातात घेता येत नाही, हे गावच्या स्पर्धांत अजूनही अनेकांना पटत नाही. आणखी एक : २०२५-२६च्या मोसमापासून आठ सेकंदांपेक्षा जास्त बॉल हातात धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. रेफ्री शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजून दाखवतो.

प्रश्न : कीपरला उशिरा संधी मिळाली तर कारकीर्द संपली समजायची का?
– क्रीडाशिक्षक, शिरपूर

उत्तर : अजिबात नाही. श्मायकेलचा जन्म १९६३चा. डेन्मार्कच्याच व्हिडोव्हरे क्लबमधून तो ब्राँडबी क्लबात आला १९८७ला, म्हणजे तेविसाव्या वर्षी. मँचेस्टर युनायटेडनं १९९१ला जेमतेम पाच लाख पौंडांत घेतलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. तिथं आठ मोसमांत पाच वेळा प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, जिंकली. १९९९च्या एफए कपच्या उपांत्य फेरीत भरपाई वेळेत डेनिस बर्गकँपची पेनल्टी अडवली आणि त्याच वर्षी २६ मेला बार्सिलोनात, रॉय कीन निलंबित असल्यानं कप्तान म्हणून, चॅम्पियन्स लीग उचलली. पुढे स्पोर्टिंग लिस्बनला १८ वर्षांनी पोर्तुगालची लीग मिळवून दिली. मग अॅस्टन व्हिला, आणि २००३ला मँचेस्टर सिटीत, एकोणचाळीसाव्या वर्षी, निवृत्ती. देशासाठी १२९ सामने. कीपरला रेषेवरचा अंदाज अनुभवानं येतो. स्ट्रायकरचे पाय मात्र आधी संपतात. म्हणून बाराव्या वर्षी "उंची नाही" म्हणून पोराला गोलमधून काढू नका.

प्रश्न : भुसावळच्या उन्हात ग्लोव्हज दोन महिन्यांत कडक होतात. इलाज?
– एक खेळाडू, भुसावळ

उत्तर : उन्हात वाळवणं बंद करा. खेळून झालं की कोमट पाण्यात हातातच चोळून माती काढा. कपडे धुवायची पावडर नको. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा. मॅचच्या आधी तळवा किंचित ओला केला की पकड येते. कोरडं रबर घासून फाटतं. बोटांच्या टोकाला अर्धा-एक सेंटीमीटर जागा राहील असं माप घ्या. सरावाची जोडी वेगळी ठेवा, चांगली मॅचलाच.