रोज तीच माफी

"ताई, रोज तेच पाप, रोज तीच माफी. देवाला कंटाळा येत नसेल?"

बाईंनी नीट बसायच्या आधीच विचारलं. भांडुपला घर, फोर्टात नोकरी, लहानपणापासून मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, पापाचं नाव तेवढं वेगळं असतं.

यांचं पाप सकाळी सातच्या सुमारास घडायचं. सासूबाईंना विस्मरण सुरू झालंय. पाणी जायच्या आत बादल्या भरायच्या, डबे करायचे, आणि त्यात त्या दहादा विचारणार, "गॅस बंद केलास का?" आठव्या-नवव्या वेळी बाई खेकसायच्या. एकदा तर त्यांना खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. "पाचच मिनिटं हो," असं म्हणताना बाई ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या.

रात्री गुडघ्यावर बसून बायबलमधलं 51वं स्तोत्र, पापाच्या क्षमेची प्रार्थना, म्हणायचं, रडायचं. तीन महिने चर्चमधलं प्रभुभोजनही, येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नव्हतं, आपण अपात्र म्हणून.

"आईंना कधी म्हणालात, चुकले म्हणून?"

"त्यांना कुठे आठवतं?"

गाठ इथेच होती. मी फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलं, असं दावीद राजा त्या स्तोत्रात देवाला म्हणतो. बाईंनी तेवढं घट्ट धरलं होतं. पण नाथान संदेष्टा दाविदाच्या दारात आला तो त्यानं आपल्याच सैनिकाची, उरीयाची, बायको नेली आणि त्याला मारवलं म्हणून, हे सुटलं होतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतो. येशूला भेटून बदललेला जकातदार जक्कय रडला असं शुभवर्तमान लिहिणारा लूक कुठे लिहीत नाही. फसवून घेतलेलं चौपट परत देईन, हा हिशेब मात्र लिहितो. रडण्याला मी नावं ठेवत नाही, मीही रडते. पण रडून झालं की फिटल्यासारखं वाटतं, आणि सकाळी आपण तिथेच उभे. पश्चात्तापासाठी नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे, मेतानोइया, त्यात मन पालटणं आहे.

मग आम्ही त्यांची सकाळच उलगडून बघितली. भाजी रात्री चिरायची. निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर आईंच्याच हातानं बंद करवायचा. तोंड सुटलंच तर तिथल्या तिथे माफी मागायची, त्यांना आठवो न आठवो. विस्मरणासाठी डॉक्टरांना दाखवायचं. कडी मात्र पुन्हा नाही, यावर मी अडून बसले. प्रभुभोजनाचं चर्चच्या पाळकांशी बोला म्हटलं, ते माझं काम नव्हे.

"आणि पुन्हा चुकलं तर?"

"चुकेल. दिवसातून सात वेळा येऊन पश्चात्ताप झाला म्हणणाऱ्याला क्षमा करा, असं येशू आपल्याला सांगतो. मग तो स्वतः तिसऱ्यांदा कंटाळेल?"

महिन्यानं आल्या तेव्हा म्हणाल्या, दोनदा घसरले. दुसऱ्या वेळी गाडीत चढल्यावर लक्षात आलं. विक्रोळी यायच्या आत घरी फोन लावला. दिवसा सोबतीला असणाऱ्या शेजारच्या मावशींनी तो आईंच्या कानाला धरला.

"आई, मघाशी ओरडले. चुकले मी."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "असू दे गं. गॅस बंद केलास का?"

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, तुम्हीच केलात, आई."