पावसाळ्यात कृष्णेतून सांगली ते हरिपूर कयाक न्यायची आहे. पुराचा धोका कोणत्या ॲपवर बघावा?

सांगलीचं हवामान दाखवणारं ॲप बघणार असाल तर नका बघू. इथल्या पुराचा इथल्या पावसाशी फारसा संबंध नसतो. पाऊस कोसळतो महाबळेश्वर-नवजाला, साठतो कोयना धरणात आणि वारणेवरच्या चांदोली धरणात, आणि इकडे लख्ख ऊन असताना घाटाच्या पायऱ्या बुडतात.

हे माझ्या मेहुण्याला अजून पटलेलं नाही. एका ऑगस्टात तो पुण्याहून फुगवायच्या दोन कयाक गाडीत घालून आला. मोबाईल पुढे करून म्हणाला, "दाजी, उद्या पाऊस शून्य टक्के. सांगलीच्या आयर्विन पुलाला २२ फूट, इशारा पातळी ४०. अजून १८ फूट आहेत की!"

मी विचारलं, "सकाळी किती होतं?"

ते साहेबांनी बघितलंच नव्हतं. सकाळी १९ होतं. कोयनेचे दरवाजे आदल्या दिवशी उचलले होते आणि सांगलीच्या वरच्या अंगाला भिलवडीला पाणी भराभर चढत होतं. मी वल्ही उचलली आणि माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी खरंच पाऊस नव्हता. संध्याकाळी आयर्विनला ३१ फूट झालं. तरी प्रत्येक लग्नात हा मला भित्रा म्हणतो. "गेलो असतो तरी काही झालं नसतं." नसेल झालं. २०१९ ला याच पुलावर ५७ फूट बघितलेल्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे कमाल आहे.

इशारा ४० आणि धोका ४५ हे आकडे काठावर राहणाऱ्यांसाठी आहेत, सूर्यवंशी प्लॉट-दत्तनगरातल्यांनी सामान कधी आवरायचं त्यासाठी. होडीवाल्याने पाणी चढतंय की उतरतंय ते बघायचं. चढतं पाणी ओंडके, झाडं, जलपर्णी सगळं घेऊन येतं आणि काठ बुडाला की उतरायला जागा उरत नाही.

पाटबंधारे विभागाचा रोजचा अहवाल मिळवा. आधी कोयना आणि वारणेचा विसर्ग, मग कराड, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन हे पूल याच क्रमाने वाचा. वरच्या पुलाला वाढ दिसली की बेत रद्द. वारणा हरिपुरातच मिळते, म्हणजे तुमचा शेवटचा टप्पाच सगळ्यात अवघड. कृष्णा शांत असली तरी वारणेचा आकडा सोडू नका.

पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतातच की, हा मेहुण्याचा हुकमी मुद्दा. होतात. पण त्यात वल्हं मारणारे याच पाण्यात वाढलेले असतात आणि काठावर अख्खं गाव उभं असतं. तुमच्यामागे कोण आहे?

नोव्हेंबरनंतर या, मी स्वतः सोबत येतो. तेव्हा पूर नसतो, पण बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात. तिथे कयाक उचलून काठाने न्यावी लागते. आणि भिलवडी-औदुंबरकडे जायचा विचार असेल तर तिथे मगरी आहेत, आधी गावात विचारून घ्या.