'संशयित' नक्की कोण?

लंडनमधल्या एका वाचकाचा प्रश्न: दहशतवादविरोधी कायद्याखाली पोलिसांनी रस्त्यात अडवून ज्याची झडती घेतली, त्याला मराठीत 'संशयित' म्हणावं का?

नाही! आणि आपल्या वाहिन्यांनीही दिसेल त्याला संशयित म्हणणं बंद करावं. संशयित आणि आरोपी यांतला फरक हजारदा सांगून झालाय, तो सोडून देतो. खरी गंमत वेगळीच आहे.

तारका उगवल्या की आकाश तारकित, फुलं आली की वेल पुष्पित, भूक लागली तो क्षुधित. पाणिनीचं सूत्रच आहे, 'तदस्य सञ्जातं तारकादिभ्य इतच्'. ज्याच्या ठिकाणी जे उपजलं, तो तसा, हे सांगणारा प्रत्यय म्हणजे 'इतच्'. आता सांगा, संशय उपजला कुणाच्या मनात? हवालदाराच्या. मग संशयित कोण? 'शंकित मनाने दार उघडलं' म्हणतो तेव्हा शंका दार उघडणाऱ्यालाच असते ना! गीतेतला 'संशयात्मा'ही संशय घेणाराच.

यावर एक व्याकरणपंडित मला सुनावतात, 'अहो, हा इतच् नव्हे, कर्मणि क्त आहे.' म्हणजे ज्याच्यावर क्रिया घडली तो सांगणारा प्रत्यय. बरं, क्त म्हणा. धातू कोणता? शी, म्हणजे निजणे. शय्या, शयन, जलाशय यांतला. शयित म्हणजे निजलेला, निजवलेला नव्हे. कर्तरी क्त, म्हणजे क्रिया करणारा दाखवणारा क्त, सांगताना पाणिनीने शीङ् (हाच शी धातू) नाव घेऊन घातलाय, तो पंडितांनी वाचला नसावा. कोशांत 'ज्याविषयी संशय आहे' हाही अर्थ सापडतो, मान्य. पण संशय म्हणजे मनाने एकाच वेळी दोन अंथरुणांवर पडणं, असं मी मानतो. अमरकोशाने संशयाला 'द्वापर' हाही शब्द दिलाय. त्यातही 'दोन' आहेतच.

हां, लंडन. ब्रिटनच्या २००० सालच्या कायद्यातलं ४४वं कलम पोलिसांना ठरवून दिलेल्या भागात कुणालाही, संशयाला कारण नसतानाही, अडवू देत होतं. म्हणजे त्या कलमात संशय मुळी नव्हताच, मग संशयित कुठून आणणार? २००९-१० मध्ये एक लाखाहून जास्त लोक अडवले, दहशतवादाच्या गुन्ह्यासाठी अटक एकालाही नाही. कृष्णवर्णीय आणि आशियाई लोक जास्त अडवले जातात अशी ओरड होतीच; त्यावर आकडे समतोल दिसावेत म्हणून गोऱ्यांनाही उगाच अडवल्याचं या कायद्याचा आढावा घेणाऱ्या लॉर्ड कार्लाइल यांनीच नोंदवलं. २००३ मध्ये शस्त्रप्रदर्शनाबाहेर अडवलेला एक निदर्शक आणि एक पत्रकार स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०१० मध्ये जिंकले. खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाला, असं न्यायालय म्हणालं.

तर तुम्ही सरळ 'झडती घेतलेली व्यक्ती' लिहा. संशयाला खरंच कारण असेल तर 'संशयास्पद' आहे. आस्पद म्हणजे जागा.

आणि 'संशयीत' असं दीर्घ लिहिणाऱ्यांशी मी बोलत नाही.