आजोबांच्या कोर्ट मार्शलचे कागद मिळतील का? मिळाले तर चारचौघांत दाखवावेत का?

दाखवा. घरात लपवून तर अजिबात ठेवू नका.

माझे वडील फौजेत होते. १९९८ साली त्यांचं समरी कोर्ट मार्शल झालं. त्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट असतो. वडील डिसमिस झाले, पेन्शन गेली. काळी ट्रंक घेऊन ते अमळनेरजवळच्या आमच्या गावी उतरले तेव्हा मी सातवीत होतो. ट्रंकेत कपड्यांखाली खटल्याच्या कागदांची नक्कल होती. टाचणी गंजून पहिल्या पानावर तांबडा डाग पडला होता. वडील त्यातलं एकच पान काढून बसायचे. ‘प्लीडेड गिल्टी’, म्हणजे गुन्हा कबूल, असं टाइप केलेलं, आणि खाली सहीची जागा कोरी. “मी कबूल करेलच नव्हतं,” एवढंच म्हणायचे.

२००६ मध्ये बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. त्यांच्या नजरेस पडायला नको म्हणून थोरल्या चुलतभावाने, दादाने, ते कागद चुलीत घातले. वडील शेतात होते.

दहा वर्षांनी वकील म्हणाले, कबुलीखाली सही नाही म्हणून असल्या शिक्षा रद्द झालेल्या आहेत, ते पान आणा, मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे फौजींची प्रकरणं चालवणाऱ्या कोर्टात जाऊ. माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं, जतनाची मुदत संपल्याने कागद नष्ट केले. वडील गेले ते डिसमिस म्हणूनच.

दादा आजही म्हणतो, घराची अब्रू राखली. दादा, १९८७ साली सुप्रीम कोर्टाने रणजित ठाकूर या जवानाची शिक्षा रद्द केली. जेवायचा हुकूम मोडला म्हणून त्याला एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी झाली होती. ज्याच्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती, तोच अधिकारी कोर्टात बसला होता, आणि ‘तुझा कुणावर आक्षेप आहे का’ हे विचारल्याचं खटल्याच्या कागदांत कुठेच नव्हतं. अब्रू वाचली ती त्या कागदांमुळे.

तुमच्या आजोबांचं म्हणाल, तर आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १४७ प्रमाणे नक्कल मागायचा हक्क ज्याच्यावर खटला चालला त्याचा, आणि तोही कागद नष्ट होईपर्यंतच. आजोबा हयात असतील तर अर्ज त्यांच्याच सहीने जाऊ द्या. नसतील तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. आर्मी नंबर, युनिट आणि खटल्याची तारीख टाकायला विसरू नका. देशाच्या सुरक्षेचा मामला असेल तर नक्कल नाकारतात, पण दाद मागायची असेल तर निदान वाचायला देतात. आणि हो, दाखवताना साक्षीदारांची नावं झाका, त्यांची पोरंबाळं गावात राहतात.

पण अर्ज नंतर. आज घरी जाऊन आजोबांची ट्रंक तळापर्यंत उपसा, आणि जे सापडेल त्याच्या झेरॉक्स काढून एक संच दुसऱ्या गावात, आत्याकडे नाहीतर मामाकडे ठेवा.