निकॉनचा पहिला फुल-फ्रेम मिररलेस: तुमच्या ८०-२०० साठी तरी नाही

२०१८ च्या पावसाळ्यात, निकॉनचा पहिला फुल-फ्रेम मिररलेस (आत आरसा नसलेला, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) यायच्या आधी हे लिहितोय. तुमच्याकडे निकॉनचा डी७५० कॅमेरा, ८०-२०० डी ही जुनी झूम लेन्स, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारा लग्नांचा सीझन, आणि प्रश्न असा, "निकॉनचा मिररलेस येतोय, तो कुणासाठी असेल? सगळं विकून थांबू का?" तुमची पोस्ट वाचली आणि २०१४ आठवलं. तेव्हा माझ्याकडे मिनोल्टाच्या जुन्या लेन्स होत्या आणि सोनीचा ए७ हा फुल-फ्रेम मिररलेस नवा होता.

दुकानात स्पष्ट विचारलं होतं, या लेन्सवर ऑटोफोकस चालेल ना? "सगळं चालतं साहेब." आणि हातात ठेवला एलए-ईए३ हा अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारी कडी. त्याला लेन्स फिरवून फोकस करणारी मोटरच नाही. मोटरवाला ईए४ होता, पण तो त्यांच्याकडे शिल्लक नव्हता, म्हणून त्याचं नावही निघालं नाही. परत गेलो तर आधी "फर्मवेअर टाका", मग "हेल्पलाइनला लावा", शेवटी "बॉक्स फोडलाय ना". इकडे अंतरपाट खाली येतोय आणि मी हातानं रिंग फिरवतोय. दुकानाचं नाव घेत नाही. काउंटरवरचं पोरगं बदललं असेल, उत्तर तेच असणार.

तेव्हापासून पहिली बॉडी कुणासाठी काढली हे मी मेगापिक्सेलवरून ठरवत नाही. अडॅप्टरला मोटर आहे का, कार्डाचे स्लॉट किती (दोन असले तर एक कार्ड बिघडलं तरी फोटो वाचतात), सोबत लेन्स कुठल्या, एवढंच बघतो. २०१३ ची सोनी दुसऱ्यांची गिऱ्हाइकं ओढायला निघाली होती: एकच स्लॉट, साडेतीनशेच्या आतबाहेर फोटो देणारी बॅटरी. फिरस्ते, हौशी, निवांत काम करणारे. रोजच्या धंदेवाल्यांचा विचार दिसला तो २०१७ च्या ए९ मध्ये आणि २०१८ च्या ए७ थ्रीमध्ये.

निकॉनचं उलटं आहे. तिला स्वतःचेच लोक धरून ठेवायचेत. माझ्या मते निशाणा डी७५० आणि डी८१० वाल्यांवर, पण ज्यांच्याकडे एएफ-एस (स्वतःची मोटर असलेल्या) लेन्स आहेत आणि जे ए७ थ्रीकडे डोळे लावून बसलेत त्यांच्यावर. डी५ ह्या सगळ्यात वरच्या बॉडीवाले आत्ता हलणार नाहीत. डी८५० २०१७ मध्येच आलीय, तिचा गळा कंपनी स्वतःच कशाला दाबेल?

निकॉनच्या २५ जुलै २०१८ च्या घोषणेत नवा माउंट (बॉडीवर लेन्स बसायची कड) होता, जुन्या एफ-माउंटच्या लेन्ससाठी अडॅप्टरही होता. त्याला मोटर असेल असं मला वाटत नाही. निकॉन १ ह्या आधीच्या छोट्या मिररलेसच्या एफटी१ अडॅप्टरवर ऑटोफोकस फक्त एएफ-एस लेन्सना मिळायचा, निकॉनच्याच डी३४०० आणि डी५६०० च्या बॉडीतही मोटर नाही. तुमची ८०-२०० काढून मागची धातूची कड बघा. स्क्रूच्या डोक्यासारखी खाच दिसली, तर ती लेन्स बॉडीच्या मोटरवर चालते, म्हणजे बिनमोटरच्या अडॅप्टरवर तिला ऑटोफोकस मिळणार नाही. (८०-२०० मध्ये एएफ-एसवालीही आहे, तिला ही खाच नसते.)

मी कंपनीचा माणूस नाही, लग्नांपलीकडचं मला फारसं कळत नाही, वाइल्डलाइफवाल्यांनी माझं ऐकू नये. पण एकाच स्लॉटची बॉडी आली तर ती लग्नाला नेऊ नका, यूट्यूबवाले काहीही म्हणोत. त्यांना नवरीच्या बापाला तोंड द्यायचं नसतं.

हा सीझन डी७५० वरच काढा. पुढे घेतलात तर "अमुक लेन्सवर ऑटोफोकस चालतो" हे बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्दाला काउंटरपलीकडे किंमत नाही. आणि ८०-२०० विकायचीच असेल तर आधी टॉर्च मारून काचेत फंगस (बुरशी) आहे का बघा, पावसाळा आहे.