ध्रुवीकरण नाही हो, ध्रुवण! आणि ऊती म्हणजे वीण

प्रश्न असा आलाय की 'पोलरायझेशन-सेन्सिटिव्ह टिश्यू इमेजिंग'ला, म्हणजे प्रकाश कुठल्या दिशेत कंप पावतोय ते बघून शरीरातल्या टिश्यूंचं (त्वचा, स्नायू अशा पेशीसमूहांचं) चित्र घेण्याच्या तंत्राला, 'ऊतकांचं ध्रुवीकरण-संवेदी प्रतिमांकन' म्हटलं तर चालेल का. नाही चालणार. ध्रुवीकरण मतदारांचं होतं, समाजाचं होतं, प्रकाशाचं होतं ते ध्रुवण, म्हणजे त्याचा कंप एका ठरावीक दिशेत असणं, शब्द कधीचा रुळलाय, 'ध्रुवणमिती'सुद्धा आहे, तरी जो तो उठून ध्रुवीकरणच लिहितो, वाचून डोकं उठतं. बरं, ध्रुव आले ते 1811 मध्ये मालुस या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने प्रकाशाच्या कणांना चुंबकासारखे ध्रुव असतात असं धरलं म्हणून, पुढे त्याच्याच देशाच्या फ्रेनेलने सगळं आडव्या लहरींवर (प्रवासाच्या दिशेला काटकोनात कंप पावणाऱ्या) नेलं पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरी मजा टिश्यूमध्ये आहे! लॅटिन 'तेक्सेरे' म्हणजे विणणं, त्यावरून फ्रेंच 'तिस्यू', विणलेलं कापड. आणि आपली ऊती? संस्कृत 'वे' धातू, अर्थ तोच, विणणं, त्याचं रूप 'उत', आ+उत झालं ओत आणि प्र+उत झालं प्रोत, म्हणजे आपण उठसूट वापरतो तो 'ओतप्रोत' हा मागावरचा शब्द आहे, उभेआडवे धागे. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते ना, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे तर पाणी कशात, तेच हे. ऊती हा शब्द ज्याने निवडला त्याच्या मनात ही वीणच होती असं माझं ठाम मत आहे. वेदात रक्षण या अर्थाची 'ऊति' आहे, तिच्याशी नातं जोडणाऱ्यांनी खुशाल जोडावं, पण ती 'अव्' धातूची, तिचा इथे काडीचा संबंध नाही.

आणि बघा, हे तंत्र टिपतं तेही वीणच. कोलॅजेनचे (शरीराला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे) तंतू एका दिशेने लागलेले असले की तंतूंच्या लांबीला समांतर कंप पावणारा प्रकाश जरा हळू जातो आणि आडवा कंप पावणारा भरभर, दोघांत पडलेल्या फरकावरून तंतू कुठल्या दिशेला आणि किती शिस्तीत लागलेत ते न कापता कळतं. स्नायूबंधात हा फरक ठसठशीत दिसतो. त्वचा भाजली की उष्णतेने कोलॅजेनची रचना मोडते, फरक घटतो, त्यावरून भाजणं किती खोल गेलंय याचा अंदाज येतो.

तेव्हा 'ऊतींचं ध्रुवण-संवेदी प्रतिमांकन' लिहा. 'ऊतक' हिंदीत छान आहे, तिथेच राहू दे, मराठी शाळेच्या पुस्तकात ऊती आहे.