कॉलेजात सॉफ्टबॉलची उत्तम पिचर असलेली मुलगी पुढे चांगली प्रशिक्षक होते का?

आपली पुतणी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या संघात पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी खेळाडू, आहे आणि पदवीनंतर तिला प्रशिक्षक व्हायचे आहे, तर चांगली पिचर चांगली प्रशिक्षक होतेच का आणि ही वाट कशी असते, असे आपण विचारले आहे. मी स्वतः इकडे आंतरविद्यापीठ पातळीपर्यंत पिचिंग केले आणि नंतर काही वर्षे शाळेतल्या मुलींना शिकवले. त्या तुटपुंज्या अनुभवावर सांगते की चांगली पिचर चांगली प्रशिक्षक होतेच असे नाही, आणि झालीच तर बहुधा तिचे जिंकलेले सामने नव्हे, हरलेले सामने कामी येतात.

अमेरिकेची नामवंत पिचर लिसा फर्नांडिस हिचे उदाहरण पाहा. आठ वर्षांची असताना पहिल्याच सामन्यात तिने इतक्या बॅटरना चेंडू मारले आणि इतक्या जणींना वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) दिले, की तिचा संघ वीसहून अधिक धावांनी हरला. तीच मुलगी १९९० ते १९९३ या काळात यूसीएलएकडून (लॉस एंजेलिसमधले कॅलिफोर्निया विद्यापीठ) खेळताना ९३ सामने जिंकली आणि फक्त ७ हरली. त्यातही १९९३च्या हंगामात बॅटिंगची ०.५१० ही सरासरी आणि पिचिंगचा ०.२५ हा ईआरए (दर सात इनिंगमागे पिचरमुळे झालेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली), असे देशातले दोन्ही सर्वोत्तम आकडे तिच्याच नावावर होते. अटलांटा, सिडनी आणि अथेन्स या तिन्ही ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळवले.

मला मात्र तिचे ऑस्ट्रेलियाविरुद्धचे दोन पराभव अधिक बोलके वाटतात. १९९६ साली अटलांटात दहाव्या इनिंगमध्ये दोन आउट होईपर्यंत तिने एकीलाही बेसवर पोचू दिले नव्हते, आणि तेवढ्यात एका होमरनने (थेट मैदानाबाहेर गेलेल्या फटक्याने) सामना गेला. २००० साली सिडनीत तिने २५ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे २५ वेळा बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद केले, तरी तेराव्या इनिंगमधल्या होमरनने अमेरिका हरली. एका चेंडूने सगळे पालटते, हे असे अंगावर झेललेली बाई बुलपेनमध्ये (पिचर सराव करतात त्या जागी) रडवेल्या मुलीशी काय बोलायचे आणि कधी गप्प बसायचे हे जाणत असणार, असे मला वाटते.

ऑलिंपिकची कारकीर्द चालू असतानाच ती यूसीएलएच्या प्रशिक्षकवर्गात काम करू लागली होती. २०१९ साली त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेव्हा तिथली मुख्य पिचर रेचल गार्सिया होती. वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात तिने दहाही इनिंग टाकल्या, १६ स्ट्राइकआउट घेतले आणि शेवटी स्वतःच होमरन मारून सामना जिंकून दिला. त्या संघाची मुख्य प्रशिक्षक होती केली इनोये-पेरेझ, म्हणजे कॉलेजात फर्नांडिसचे चेंडू झेलणारी कॅचर. मला यात नवल वाटत नाही, कारण कॅचरच्या डोळ्यांसमोर सारे मैदान असते आणि पिचरच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळ फक्त कॅचरचा ग्लोव्ह. अपवाद अर्थातच आहेत. फ्लोरिडाकडून पिचिंग केलेली बेथ टोरिना २०१२च्या हंगामापासून एलएसयूची (लुइझियाना स्टेट विद्यापीठाची) मुख्य प्रशिक्षक आहे.

पिचरला खरी अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. उपजत जमलेली गोष्ट शब्दांत सांगता येत नाही. मी मुलींना राइज (वर चढतो असा भासणारा चेंडू) शिकवायला उभी राहिले तेव्हा माझे मनगट नेमके कधी वळते हे मलाच ठाऊक नव्हते. शेवटी चेंडूभोवती काळ्या मार्करने एक रेघ ओढली, उलट्या बादलीवर बसून झेलू लागले, आणि ती रेघ सरळ फिरते की डुगडुगते एवढेच पाहायला लागले; मग माझ्याही आणि त्यांच्याही चुका दिसू लागल्या. ४३ फुटांवरून ताशी १०० किलोमीटरच्या पुढे सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपाशी पोचतो, त्यामुळे वेगापेक्षा चेंडू फिरतो कसा, हेच शिकवण्यात अधिक वेळ जातो.

वाटेबद्दल सांगायचे तर अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत पूर्वी एक प्रशिक्षक बिनपगारी ठेवता येत असे आणि पुष्कळ माजी खेळाडू तिथूनच आत शिरत. एनसीएए या कॉलेज क्रीडासंस्थेच्या पहिल्या, म्हणजे सर्वात वरच्या, विभागात जुलै २०२३पासून ती सोय बंद झाली आणि सॉफ्टबॉलमध्ये पगारी सहायकाची एक जागा वाढली. छोट्या कॉलेजांत पगार बेताचाच असतो, तेव्हा लहान मुलींच्या खाजगी शिकवण्या घेऊन ती तूट भरून काढावी लागते.

पुतणीला एवढेच सुचवा, की ज्या सामन्यात तिला टाकायचे नसेल त्या दिवशी डगआउटमध्ये (संघ बसतो त्या जागी) वही घेऊन बसावे, समोरची प्रत्येक बॅटर कोणत्या चेंडूवर कशी फसली हे लिहावे आणि पुढचा चेंडू कोणता येईल याचा अंदाज प्रशिक्षकाने खूण करण्याआधीच मांडावा. हंगामाच्या अखेरीस ती वही आपल्या पिचिंग प्रशिक्षकाला दाखवावी. सहायकाची जागा निघाली की शिफारस करायची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते.